फळातील रस शोषणारा पतंग : नुकसान बागेत, वास्तव्य बांधावरच्या वेलींवर

मोसंबी आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोसत आली की अनेक बागांत फळगळ सुरू होते. सकाळी झाडाखाली दहा-पंधरा फळे पडलेली दिसतात, दुसऱ्या दिवशी आणखी तितकीच. अशा वेळी बहुतेक शेतकरी पहिल्यांदा संजीवकाची फवारणी घेतात, मग बुरशीनाशकाची, आणि तरीही गळ थांबली नाही तर एखादे कीटकनाशक त्यात मिसळतात. गळ शरीरक्रियेतील बिघाडामुळे किंवा बुरशीमुळे असेल तर योग्य फवारणीने फरक पडतो. परंतु गळलेल्या फळावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल आणि फळ दाबल्यावर त्यातून आंबूस रसाची चिळकांडी उडत असेल, तर या फवारण्यांवरील खर्च वाया जातो. हे काम रात्री येऊन रात्रीच निघून जाणाऱ्या पतंगाचे आहे. तो बागेत राहत नाही, बागेत अंडी घालत नाही आणि त्याची अळी मोसंबीचे एक पानही खात नाही.

जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, नांदेड या भागांतील मोसंबी, नागपूर-अमरावतीकडील संत्रा आणि सोलापूर, नाशिक, अहिल्यानगरमधील डाळिंब या पिकांत हा पतंग परिचित आहे. पेरू, द्राक्ष, पपई, आंबा आणि पिकलेल्या टोमॅटोवरही तो येतो. नुकसान पाहिलेले शेतकरी पुष्कळ आहेत, पतंग पाहिलेले त्या मानाने फार थोडे. म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ.

पतंग कसा ओळखावा

आपल्याकडे प्रामुख्याने युडोसिमा या वंशातील जाती आढळतात. जुन्या पुस्तकांत आणि काही शिफारशींत हेच नाव ओथ्रीस असे दिलेले असते, त्यामुळे दोन वेगळ्या किडी आहेत असे समजू नये. पतंग आकाराने मोठा असतो. पंख पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ७ ते १० सेंमी भरतात. शरीर जाड व केसाळ, पोटाचा भाग नारिंगी-पिवळा. डोक्यापुढे चोचीसारखा टोकदार भाग दिसतो.

बसलेला असताना तो चटकन दिसत नाही. पुढचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, करडे किंवा हिरवट झाक असलेले असतात आणि ते छपरासारखे मिटून घेतले की पालापाचोळ्यात पतंग आणि पान यांत फरक करता येत नाही. खरी खूण मागच्या पंखांवर असते. ते झेंडूसारखे गडद पिवळे-नारिंगी असून कडेला काळा पट्टा असतो. पुढचे पंख उचलल्याशिवाय हा रंग दिसत नाही, म्हणून मेलेला किंवा पकडलेला पतंग हाती आला तर पुढचे पंख बाजूला करून पाहावे. मागच्या पंखाच्या मध्यभागी गोल काळा ठिपका असेल तर ती युडोसिमा मॅटर्ना. ठिपक्याऐवजी मूत्रपिंडाच्या किंवा स्वल्पविरामाच्या आकाराचा मोठा काळा डाग असेल तर ती युडोसिमा फॅलोनिया, जिला पूर्वी फुलोनिया म्हणत. नर-मादीच्या पुढच्या पंखांचा रंग वेगळा असू शकतो, त्यामुळे केवळ पुढच्या पंखांवरून जात ठरवू नये. व्यवस्थापन दोन्हींचे सारखेच आहे. कृषी सहायकांना नोंद ठेवायची असेल तर हा फरक उपयोगी पडेल.

इतर पतंगांपेक्षा याची सोंड वेगळी असते. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, फुलातील मध किंवा उघडा रस शोषण्यापुरती. याची सोंड टणक असून तिच्या टोकाला कानशीसारखे बारीक दाते व काटे असतात. ती मागे-पुढे करत, फिरवत तो मोसंबीची जाड साल किंवा डाळिंबाची चिवट साल भेदतो, आणि एकदा आत शिरली की सोंड थेट रसाच्या फोडींपर्यंत पोहोचते.

रात्री दिसणारा प्रत्येक पतंग मात्र गुन्हेगार नसतो. छिद्र पडलेल्या फळावर नंतर कितीतरी लहान पतंग जमतात. त्यांना स्वतः साल भेदता येत नाही, आयत्या छिद्रातून वाहणारा रस ते पितात. एरंडीवरील उंटअळीचा पतंगही फळांवर येतो. त्याचे मागचे पंख काळे-पांढरे असतात, नारिंगी नसतात. टॉर्चच्या उजेडात वीस पतंग दिसले तरी त्यांत नारिंगी पंखांचे किती, हे मोजणे महत्त्वाचे.

गळलेले फळ काय सांगते

पतंगाने छिद्र पाडल्यावर पहिल्या दिवशी फळ बाहेरून जवळजवळ निर्दोष दिसते. दोन-तीन दिवसांत छिद्राभोवतीची साल मऊ पडते, तपकिरी गोल डाग तयार होतो आणि तो वाढत जातो. छिद्रातून बुरशी व जिवाणू आत शिरतात, फळ आंबते आणि गळते. एका फळाला एकाच रात्रीत अनेक छिद्रेही पडतात. डाळिंबात फळ लगेच न गळता झाडावरच सडू लागते आणि छिद्राभोवतीचे दाणे तपकिरी होतात. छिद्र ताजे असताना काढलेली फळे पेटीत भरली गेली तर सड पेटीत सुरू होते आणि शेजारची चांगली फळेही खराब होतात. व्यापारी नंतर दर पाडतो तो यामुळेही. प्रादुर्भाव असलेल्या बागेत म्हणूनच प्रतवारीच्या वेळी प्रत्येक फळ हातात फिरवून पाहणे आवश्यक आहे.

फळगळीचे कारण ठरवण्यासाठी सकाळी ताजी पडलेली २०-२५ फळे वेगवेगळ्या झाडांखालून गोळा करावीत आणि एकेक फळ निरखून कापावे. सालीवर छिद्र नाही, डाग नाही, फळ निरोगी दिसते पण गळले आहे, अशी फळे जास्त असतील तर ती शरीरक्रियात्मक गळ समजावी. पाणी व अन्नद्रव्यांचा ताण, पानांची कमतरता ही तिची कारणे. देठाजवळ काळपट कूज असेल तर बुरशीजन्य देठकूज. जमिनीलगतच्या फांद्यांवरील फळांना चामड्यासारखा तपकिरी चट्टा पडून गळ होत असेल, आणि ती संततधार पावसानंतर वाढली असेल, तर फायटोफ्थोराची तपकिरी कूज. फळ कापल्यावर आत पांढरट, बिनपायाच्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. डाळिंबात मोठे गोल छिद्र आणि त्यातून बाहेर आलेली विष्ठा दिसली तर फळ पोखरणारी अळी, जिला सुरसा म्हणतात. रस शोषणाऱ्या पतंगाच्या फळात यांपैकी काहीच नसते. बारीक छिद्र, त्याखाली स्पंजासारखा कोरडा किंवा आंबलेला गर, आणि आत अळी नाही.

फळमाशी आणि पतंग यांची गल्लत सर्वांत जास्त होते. पतंगासाठी म्हणून मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगलेल्या बागा पाहायला मिळतात. हे सापळे फळमाशीच्या नरांसाठी आहेत. पतंग त्यांकडे फिरकत नाही.

एकाच बागेत दोन-तीन कारणे एकत्र असू शकतात, किंबहुना पावसाळी वर्षात तसेच असते. पण २५ फळांपैकी १५ फळांवर छिद्र निघाले तर खर्च कुठे करायचा हे स्पष्ट होते.

रात्रीची पाहणी

अंधार पडल्यावर पतंग बागेत येऊ लागतात. सायंकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत त्यांची वर्दळ जास्त असते. पहाटेपूर्वी ते बागेबाहेरच्या झुडपांत, दाट पाल्यात, पाचोळ्यात परततात. दिवसा कितीही बाग हिंडली तरी पतंग सापडत नाही तो यामुळे. फळे पक्व होण्याच्या सुमाराला आठवड्यातून दोन वेळा रात्री आठ-साडेआठला टॉर्च घेऊन बागेच्या कडेच्या ओळींतून चालावे. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे टॉर्चच्या उजेडात निखाऱ्यासारखे लालसर-नारिंगी चमकतात. एकदा ही चमक ओळखता आली की मोजणी सोपी होते. कडेच्या ओळींत, विशेषतः ओढ्याच्या, जंगलाच्या किंवा जुन्या कुंपणाच्या बाजूला, प्रादुर्भाव आधी दिसतो. पावसाळ्यातल्या रात्री आहेत, पायांत बूट आणि हातात काठी हवी.

त्याचे खरे घर

मादी पतंग अंडी घालते ती गुळवेल, वासनवेल आणि त्यांच्या कुळातील इतर वेलींवर. गुळवेल बहुतेकांना माहीत आहे. हृदयाच्या आकाराची गुळगुळीत पाने, कागदासारखी सुटणारी साल आणि कडुनिंब-बाभळीवरून खाली लोंबणारी दोऱ्यासारखी मुळे. वासनवेल लहान असते, कुंपणावर आणि बांधावरच्या झुडपांवर पसरते. तिची पाने मऊ, लवदार असतात आणि फळे पिकल्यावर जांभळी-काळी होतात. पाने पाण्यात चुरगळून थोडा वेळ ठेवली की पाणी जेलीसारखे घट्ट होते, ही तिची हमखास खूण. पहाडवेलही याच कुळातली.

या वेलींवर अळी वाढते. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी, मखमली तपकिरी ते काळपट, काही वेळा हिरवट असते आणि उंटअळीसारखी पाठ कमानदार करून चालते. शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दोन-दोन मोठे ठिपके असतात. डिवचल्यावर ती डोके खाली वाकवून शेपटीकडचा भाग वर उचलते आणि ते ठिपके समोर येतात. पक्ष्यांना घाबरवण्याची ही तिची युक्ती, माणूसही पहिल्यांदा दचकतो. वेलीची पाने अर्धवट खाल्लेली आणि खाली जाड लेंड्या पडलेल्या दिसल्या तर वर अळी आहेच असे समजावे. कोष पानांच्या गुंडाळीत असतो.

मोसंबी-लिंबाची कोवळी पाने खाणारी हिरवी किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी वेगळी. ती लिंबावरील फुलपाखराची. तिचा आणि फळगळीचा काही संबंध नाही, तरी ती पाहून ‘पतंगाची अळी बागेत आहे’ म्हणून फवारणी केली जाते.

वेळापत्रक लक्षात घेतले तर आंबिया बहारावरच संकट का येते हे कळते. जूनच्या पावसाने बांधावरच्या वेली फुटतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांवर अळ्या वाढतात आणि नेमकी आंबियाची फळे पक्व होताना, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, पतंगांची संख्या वाढलेली असते. मृग बहाराची मोसंबी-संत्री फेब्रुवारीनंतर तयार होतात. तोवर वेली वाळलेल्या असतात, पतंगही कमी झालेले असतात, आणि म्हणून मृगाची फळे बरीचशी वाचतात. डाळिंबात उशिरा निघणाऱ्या आंबियाला आणि लवकर पोसलेल्या मृगाच्या फळांना जास्त जपावे लागते.

पॅसिफिक महासागरातील बेटांवर याच पतंगाची अळी पांगाऱ्यावर वाढते. तिकडची माहिती वाचून कोणी बांधावरचा पांगारा तोडू नये. आपल्याकडे लक्ष ठेवायचे ते गुळवेलीच्या कुळावर.

वेली तोडाव्यात का?

शिफारशींमध्ये सरसकट लिहिलेले असते की गुळवेल, वासनवेल यांचा नायनाट करावा. सल्ला चुकीचा नाही, पण जसाच्या तसा अमलात आणणे अवघड आहे. एक तर पतंग दूरवर उडतो. आपल्या बांधावरची गुळवेल काढली आणि अर्ध्या किलोमीटरवर ओढ्याच्या काठाला ती झाडाझाडांवर लोंबत असेल तर फायदा मर्यादित. दुसरे, गुळवेल औषधी आहे, अनेक कुटुंबे ती जपतात आणि काही जण विकतातही. डोंगर-जंगलातील वेली तोडणे तर व्यवहार्यही नाही आणि योग्यही नाही.

बागेत आणि बागेला लागून असलेल्या बांधावर, कुंपणावर या वेली ठेवू नयेत. पहिल्या पावसानंतर नवीन फूट येताच, जूनअखेर ते जुलैमध्ये, त्या मुळासकट काढाव्यात. गुळवेलीचा कापलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला तरी पुन्हा रुजतो, म्हणून तुकडे बांधावर टाकून देऊ नयेत, वाळवून नष्ट करावेत. घरासाठी राखलेली गुळवेल तोडायची नसेल तर जुलै ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी तिची पाने उलटून पाहावी आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. एका वेलीला पंधरा मिनिटे लागतात. अळी मोठी असते, वेचायला सोपी. ओढ्याकाठच्या वेलींसाठी मात्र शिवारातील बागायतदारांनी मिळूनच ठरवावे लागते. गटशेती किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तिथे जुलैमधला एक दिवस या कामासाठी ठेवणे शक्य आहे, आणि कृषी सहायकांनी गावबैठकीत हा विषय फळगळ सुरू होण्याआधी घ्यावा. सप्टेंबरमध्ये घेऊन उपयोग नाही.

बागेत काय करावे

झाडावर कीटकनाशक फवारून हा पतंग आटोक्यात येत नाही. तो पाने खात नाही, सालीवरचा औषधाचा थर त्याच्या पोटात जात नाही. सोंड थेट आत जाते. शिवाय आज आलेले पतंग मेले तरी उद्या बाहेरून नवे येतात, आणि तोडणी जवळ असल्याने फळात औषधाचा अंश राहण्याची भीती वेगळीच.

पहिले काम गळलेली फळे रोज गोळा करण्याचे. आंबलेल्या फळांचा वास पतंगांना बागेकडे ओढतो. ती बांधावर ढीग घालून ठेवू नयेत. खड्ड्यात टाकून वर किमान दीड-दोन फूट मातीचा थर द्यावा. फळमाशीचाही बंदोबस्त यातच होतो.

धूर हा जुना आणि अजूनही कामाचा उपाय. सायंकाळी अंधार पडण्याच्या सुमाराला ओला-सुका काडीकचरा, कडुनिंबाचा पाला घालून बागेत ठिकठिकाणी धूर करावा. धुरामुळे फळांचा वास झाकला जातो आणि पतंग कमी येतात. मात्र वारा असेल तर उपयोग कमी होतो, आणि हे काम एक दिवस करून भागत नाही. फळे पक्व होण्यापासून तोडणीपर्यंत रोज करावे लागते. मनुष्यबळ पाहूनच ठरवावे. शेकोट्या ठिबकच्या नळ्यांपासून आणि बुंध्यापासून लांब असाव्यात. धूर हवा, जाळ नको.

विषारी आमिषासाठी २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, २० मिलि मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही आणि थोडे व्हिनेगर किंवा खराब फळांचा रस मिसळतात. हे मिश्रण रुंद तोंडाच्या बाटल्यांत किंवा कापलेल्या डब्यांत भरून कडेच्या झाडांवर फळांच्या उंचीला टांगावे. पावसाने पातळ झाले किंवा वाळले की बदलावे. कडेच्या ओळींत जास्त, मध्ये कमी, असे वाटप ठेवावे. गोड वासामुळे मुले, जनावरे, मधमाश्या यांचा धोका असतो, म्हणून डब्यांवर खूण करावी, ते सायंकाळी उघडावेत, सकाळी झाकावेत आणि हंगाम संपल्यावर खोल पुरावेत. औषध वापरण्यापूर्वी आपल्या पिकासाठीचे लेबल आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची चालू वर्षाची शिफारस तपासावी.

प्रकाश सापळ्यांबाबत फार अपेक्षा ठेवू नये. त्यांत इतर पतंग भरपूर सापडतात, हा मोठा पतंग त्या मानाने कमी. सापळा रिकामा आहे म्हणून बाग सुरक्षित असे मानले तर फसगत होते. पाहणीसाठी टॉर्चच अधिक भरवशाचा.

खात्रीचा उपाय म्हणजे फळ झाकणे. डाळिंबात कागदी किंवा न विणलेल्या कापडाच्या पिशव्या वापरता येतात. उन्हापासून बचावासाठी झाडावर टाकलेले आच्छादनही पतंगाला अडवते, खालून व कडेने फटी नसतील तर. पिशवी फळाला घट्ट चिकटलेली नसावी, कारण पातळ पिशवीतूनही तो सोंड खुपसू शकतो. मोसंबी-संत्र्याच्या मोठ्या बागेत प्रत्येक फळाला पिशवी घालणे मजुरीत परवडत नाही. तिथे बांधाच्या बाजूच्या दोन ओळींना, जिथे मार जास्त असतो, पिशव्या किंवा जाळी लावून पाहण्यास हरकत नाही.

तोडणीचाही विचार आधी करावा. रंग आणि गोडी आलेली फळे भावाची वाट पाहत झाडावर राहिली तर रोज रात्री थोडी थोडी कमी होत जातात. बागेत छिद्राची फळे वाढू लागली असतील तर तयार फळांची पहिली तोडणी लवकर घ्यावी, आणि सुरुवात ओढ्याच्या किंवा जंगलाच्या बाजूच्या ओळींपासून करावी.